काथ्याचा दोर आणि द्रौपदीचा प्रश्न

मे महिन्यात गावी गेले होते. वेंगुर्ल्याच्या बाजूला, किनाऱ्यालगत आमचं गाव. शाळेच्या पटांगणात संध्याकाळी महाभारतावरचं एक नाटक होतं, म्हणून आतेला घेऊन गेले. पडदा नव्हता. मुकुट, गदा, धनुष्य, काहीच नव्हतं. कॉलेजातली पाच मुलं, अंगावर साधे सुती कपडे, आणि मधोमध जमिनीवर काथ्याच्या दोराचं एक मोठं वेटोळं. एवढ्यावर त्यांनी सव्वा तास द्यूतसभा उभी केली.

आते सत्तरीची. कळायला लागल्यापासून जत्रेतला दहीकाला, म्हणजे दशावताराचा रात्रभराचा खेळ, बघत आलेली. द्रौपदी-वस्त्रहरणाचं आख्यान तिने किती वेळा पाहिलं असेल याची गणती नाही. परत येताना बॅटरीच्या उजेडात मी तिला विचारलं, कसं वाटलं? जरा चालून गेल्यावर ती म्हणाली, "माका सगळा काय समाजला नाय गो बाय. पण आज झोप येवची नाय."

पुढचे दोन दिवस पडवीत बसून आम्ही त्या नाटकावरच बोलत होतो. तिने विचारायचं, मी सांगायचं, आणि कित्येकदा तिनेच मला सांगायचं. 'प्रायोगिक नाटक' म्हटलं की पुष्कळ जण बिचकतात, आपल्यासारख्यांसाठी ते नाही असं धरून चालतात. कोकणातल्या माणसाने तरी तसं वाटून घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. का, ते त्या गप्पांच्याच आधाराने सांगते.

आधी शब्दच बघा. आपण नाटकाच्या खेळाला 'प्रयोग' म्हणतो. शुभारंभाचा प्रयोग, शंभरावा प्रयोग. आणि शाळेत परीक्षानळीत रंग बदलतो तोही प्रयोगच. हा शब्द जुना आहे. शाकुंतलाच्या सुरुवातीला सूत्रधार म्हणतो की, जाणत्यांचं समाधान होईपर्यंत माझं प्रयोगविज्ञान मी चांगलं मानत नाही. म्हणजे नाटक करणं म्हणजे काहीतरी करून बघणं, आणि ते साधलं की नाही हे बघणाऱ्याने ठरवणं, हे कालिदासाच्या काळीही धरलेलंच होतं. मराठीत 'प्रायोगिक' हा वेगळा शिक्का रूढ झाला तो गेल्या साठेक वर्षांत. १९६० साली रंगायन ही नाट्यसंस्था सुरू झाली, १९७१ साली आविष्कार, आणि १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या छोट्या सभागृहात असे खेळ सातत्याने होऊ लागले. तिकीटबारीची चिंता बाजूला ठेवून, थोड्या पैशांत, थोड्या प्रेक्षकांसमोर, अगदी जवळून करायचं नाटक. कणकवलीसारख्या ठिकाणी वसंतराव आचरेकर सांस्कृतिक प्रतिष्ठानाने अशी वेगळी नाटकं आणली म्हणून इकडच्या लोकांनाही ती बघता आली.

"पण किस्न कित्याक येवक नाय?"

आतेची पहिली तक्रार ही होती. दुःशासन पुढे आला, द्रौपदी उभी, आणि कृष्ण काही आला नाही. "मगे ह्या महाभारत कसला?"

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर पुण्यात आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताची चिकित्सक आवृत्ती करायला घेतली. ठिकठिकाणची १,२५९ हस्तलिखितं ताडून बघितली, सगळ्या पाठांत सारखं काय आणि कुठे कोणी काय वाढवलं ते श्लोकाश्लोकाला तपासलं. काम १९६६ साली पुरं झालं. एकोणीस खंड. त्यांनी सिद्ध केलेल्या मुख्य पाठात, भर सभेत द्रौपदी कृष्णाचा धावा करते तो भाग नाही. तो तळटीपांत गेला आहे. मुख्य पाठात वस्त्रामागून वस्त्र निघत राहतं, पण कोणी पुरवलं ते सांगितलेलं नाही. आणि गंमत अशी की, पुढे उद्योगपर्वात खुद्द कृष्णच म्हणतो, मी दूर असताना तिने 'गोविंदा' म्हणून हाक मारली, ते ऋण माझ्यावर वाढतच चाललं आहे. म्हणजे एकाच ग्रंथात दोन्ही शक्यता नांदत आहेत.

महाभारत आपल्यापर्यंत आलं ते असं. गणपतीने ते लिहून घेतलं ही कथासुद्धा चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य पाठात नाही. म्हणून काय ती आपली नाही असं कोण म्हणेल? सांगणाऱ्याने सांगताना भर घातली, ऐकणाऱ्याला ती पटली, ती राहिली. तेव्हा "मुळात असं नाहीच" या आक्षेपाने एखादं नवं नाटक मोडीत काढायचं तर आपला अर्धा दहीकाला, अर्धी कीर्तनं आणि पिंगुळीच्या चित्रकथीतली, म्हणजे चित्रं दाखवत सांगायच्या कथांतली, अर्धी चित्रं मोडीत काढावी लागतील. त्या पाच मुलांनी कृष्ण आणला नाही. त्यांना ते करायला ग्रंथात जागा होती. आता त्यांनी त्या जागेचं काय केलं, एवढंच बघायचं.

जुन्या गोष्टीची नवी मांडणी ही आजची टूमही नाही. भास हा नाटककार कालिदासाच्याही आधीचा. कालिदासाने त्याचं नाव घेतलं आहे. त्याच्या 'ऊरुभंग' या एकांकिकेत मांड्या मोडलेला दुर्योधन रणांगणावर पडला आहे. त्याचा लहान मुलगा दुर्जय त्याला शोधत येतो आणि नेहमीसारखा बापाच्या मांडीवर बसू बघतो. बाप त्याला बसू देऊ शकत नाही. रंगमंचावर मृत्यू दाखवू नये असा संकेत असताना भासाने प्रेक्षकांसमोर दुर्योधनाचा शेवट केला, आणि ज्याला सगळे खलनायक म्हणतात त्याच्यासाठी डोळ्यांत पाणी आणलं. मला हा प्रवेश नुसता आठवला तरी गलबलतं. आज कोणी हे नव्याने लिहिलं असतं तर आपण त्याला 'धाडसी प्रायोगिक नाटक' म्हटलं असतं.

मराठी रंगभूमीचा आरंभही असाच झाला. कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले, ते पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना मराठीत तसं काही करायला सांगितलं, आणि १८४३ साली सीतास्वयंवर उभं राहिलं. पुढे खाडिलकरांनी १९०७ साली 'कीचकवध' नाटकासाठी विराटपर्वातला कीचक घेतला आणि प्रेक्षकांना त्यात लॉर्ड कर्झन दिसला. सरकारलाही दिसला, नाटकावर बंदी आली. कथा व्यासांचीच, पण बघणाऱ्याचं वर्ष बदललं की तिचा अर्थ बदलतो.

बाकडा आणि सिंहासन

आता कोकणाकडे येऊ, कारण खरी मेख इथे आहे.

त्रिपुरारी पौर्णिमेच्या सुमारास जत्रा सुरू झाल्या की आमच्याकडे रात्र रात्र दशावतार चालतो. पालखीची प्रदक्षिणा झाली, ओट्या भरून झाल्या, की मध्यरात्रीच्या सुमाराला देवळापुढे खेळ उभा राहतो. आधी आडदशावतार: गणपती, ऋद्धि-सिद्धि, सरस्वती, भटजी, मग वेद पळवणारा काळ्या वेषातला संकासुर. तो मालवणीत गाववाल्यांची फिरकी घेतो आणि विष्णूकडून मारला जातो. मग आख्यान. पखवाज, पायपेटी, झांज. पहाटे दहीहंडी फुटते, काला होतो, आणि लोक घरी जातात.

यात नेपथ्य किती? एक बाकडा. त्यावर राजा बसला की ते सिंहासन. तोच बाकडा पुढच्या प्रवेशात कैलास होतो, नंतर ऋषींच्या आश्रमातलं आसन, आणि शोकाकुल राणीने त्यावर डोकं टेकलं की चिताही होतो. कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. लिखित संहिता किती? शून्य. आख्यान ठरतं, कोणी काय करायचं ते रंगायच्या वेळी बोलून घेतात, आणि संवाद जागच्या जागी रचतात. दोन मुरलेले नट समोरासमोर आले की धर्म आणि अधर्म यांवर अर्धा अर्धा तास वाद रंगतो, आणि उद्याच्या जत्रेत तोच वाद वेगळ्या शब्दांत होतो. स्त्रीपार्ट पुरुषच करतो. दिवसा बागेत माडावर चढणारा माणूस रात्री कुंती होतो, आणि तो कर्णाला जवळ घेतो तेव्हा बायका पदर डोळ्यांना लावतात. सूत्रधार आणि नट, देव आणि गावकरी, पुराण आणि आज यांच्यामधलं दार सताड उघडं असतं.

हे सगळं विसाव्या शतकातल्या युरोपातल्या दिग्दर्शकांनी मोठ्या कष्टाने पुन्हा मिळवलं. नट हा पात्र 'दाखवतो', त्यात विरघळून जात नाही, हे ब्रेख्तने मांडलं. मोकळी जागा आणि तिथून चालत जाणारा एक माणूस एवढं नाटकाला पुरे, हे पीटर ब्रूकने सांगितलं. त्यांच्या समोर चित्रासारखं सजवलेलं, दिवाणखान्याच्या तीन भिंती दाखवणारं नाटक होतं, आणि त्यातून त्यांना बाहेर पडायचं होतं. आमच्या आतेला बाहेर पडायची गरजच नव्हती. ती त्या दिवाणखान्यात कधी गेलीच नाही. म्हणूनच काथ्याच्या दोराने तिला अडवलं नाही. पाच मिनिटांत तिने त्याचा नियम उचलला होता, माझ्याआधी. मला आठवतं, दोराची चौकट जमिनीवर पडली तेव्हा तिने माझ्या कानाशी येऊन "सारीपाट" म्हटलं.

मग तिला समजलं नाही ते काय? तिथेच नवं काय ते आहे.

दोर कुणाच्या हातात

नाटकाची सुरुवात रापणीने झाली, म्हणजे किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून मासळीचं मोठं जाळं ओढायचं तसं. पाची जण दोर ओढत मागे मागे येत होते, टाचा वाळूत रोवून ओढतात तसे. मग तोच दोर सारीपाट झाला. मग इंद्रप्रस्थाची सीमा. मग घोड्यांचा लगाम. दर डावाला युधिष्ठिर दोराचा एक वेढा सोडून देत होता आणि शकुनी तो गोळा करत होता. बोलणं जवळजवळ नाहीच. शेवटी त्याच्या हातात काही उरलं नाही तेव्हा त्याने स्वतःच्या कमरेला दोर बांधून घेतला. आणि मग द्रौपदीच्या.

याला सांकेतिक अभिनय म्हणतात, आणि त्याची रीत सोपी आहे. सुरुवातीला नट प्रेक्षकांशी एक करार करतो: ही वस्तू म्हणजे हे. प्रेक्षक तो करार मान्य करतो. मग वस्तू बदलत जाते आणि प्रत्येक बदलाबरोबर मागचा अर्थ पुढे वाहत येतो. सीमेचा दोर कमरेला आला की राज्य आणि बाई एकाच हिशेबात मोजली गेली, हे कोणी न बोलता कळतं. मुकुट आणि झगमगीत शालू असते तर हे कळलं नसतं, कारण शालूचा लगाम होत नाही.

दुसरा बदल, गोष्ट कुणाच्या डोळ्यांनी बघायची. आख्यानात आपण राजांच्या बरोबर चालतो. इथे मध्यवर्ती होता प्रातिकामी, द्रौपदीला आणायला धाडलेला साधा सेवक. मूळ ग्रंथात त्याचं काम छोटंसं आहे. तो अंतःपुरात जातो, आणि द्रौपदी त्यालाच परत पाठवते: जा, त्या जुगाऱ्याला विचारून ये, तू आधी कोणाला हरलास, स्वतःला की मला? या प्रश्नात कायदा आहे. स्वतःच दास झालेल्याला दुसऱ्या कोणाला पणाला लावायचा हक्क उरतो का? प्रातिकामी तो प्रश्न घेऊन सभेत येतो आणि तिथल्या एकाही थोराकडे उत्तर नसतं. भीष्म म्हणतात, धर्माची गती सूक्ष्म आहे. नाटकात तो मुलगा हा प्रश्न घेऊन दोराच्या रिंगणाभोवती धावत राहिला. प्रत्येक फेरीला प्रश्न तोच, धाप वाढत गेलेली. आणि तिसऱ्या फेरीला त्याने तो मालवणीत विचारला: "आधी कोणाक हारलंस? सोताक काय माका?"

पटांगणात चिडीचूप झालं. दशावतारात देव आणि राजे प्रमाण मराठीत, किंबहुना जडजंबाल मराठीत बोलतात. मालवणी संकासुराची, हसवण्याची. वस्त्रहरणाचा मालवणी फार्सही आपण १९८० पासून डोक्यावर घेतलेला आहे. मच्छिंद्र कांबळींचा तात्या सरपंच आतेला पाठ आहे, गावातली मंडळी द्रौपदीचं नाटक करायला जातात आणि जी तारांबळ उडते ती आठवून ती अजून डोळे पुसेपर्यंत हसते. तेव्हा द्रौपदी आणि मालवणी हे दोन शब्द एकत्र आले की आपलं तोंड हसायला तयार होतं. त्या दिवशी ते तयार झालं आणि तसंच राहिलं. हा प्रश्न गावातल्या कुठल्याही घरातून येऊ शकतो, हे त्या भाषेने सांगितलं. घर गहाण टाकताना, जमीन विकताना, बाईला न विचारता सही करताना. कोणी हे स्पष्ट करून सांगितलं नाही, आणि सांगितलं नाही म्हणूनच ते लागलं.

तिसरा बदल मला सगळ्यांत मोठा वाटतो. दुःशासनाने साडी ओढली नाही. त्या मुलीच्या अंगाला कोणी हातही लावला नाही. तिच्या कमरेच्या दोराची टोकं नटांनी आणून पुढच्या रांगेतल्या लोकांच्या हातात दिली आणि ते मागे जाऊन बसले. एक टोक आतेच्या हातात आलं.

किनाऱ्यावरच्या माणसाच्या हातात दोर म्हणजे काय, हे त्या मुलांना नेमकं माहीत होतं. रापण लागली की जो दोराला हात लावतो त्याला मासळीचा वाटा मिळतो. बघत उभा राहिला त्याला नाही. नाटकाच्या सुरुवातीला त्यांनी आम्हाला ती आठवण करून दिली होती आणि आता दोर आमच्याकडे दिला होता. ओढायचा? सोडून द्यायचा? सोडला तर ती सुटेल की पडेल? जवळजवळ पाच मिनिटं काहीही घडलं नाही. एका माणसाने हसत जरासा झटका दिला आणि मग खाली बघत राहिला. आतेने दोर घट्ट धरून ठेवला होता, हलवला नाही, सोडलाही नाही. हात थरथरत होता तिचा.

महाभारतातल्या त्या सभेत शेकडो माणसं होती आणि बहुतेक सगळी गप्प होती. हे आपण ऐकून ऐकून गुळगुळीत केलं आहे. त्या पाच मिनिटांत ते खरखरीत झालं, कारण गप्प बसणारे आम्ही होतो. प्रायोगिक रंगभूमी प्रेक्षकांना 'सामील करून घेते' म्हणतात ते याला. त्यासाठी प्रेक्षकांत धावत येणं किंवा त्यांच्या अंगावर ओरडणं लागत नाही.

आणि आपल्याकडे देवळाच्या त्या जागेला 'सभामंडप' म्हणतात, हे मला दुसऱ्या दिवशी सकाळी सुचलं. ज्या मंडपासमोर दहीकाला होतो, त्याच मंडपात बारा-पाचाचे म्हणजे गावचे परंपरागत मानकरी बसतात, देवाचा कौल लागतो, गावऱ्हाटीचे, म्हणजे गावाच्या रीतिरिवाजांचे, निवाडे होतात. तिथे बायका कुठे बसतात, कोणाचं बोलणं ऐकलं जातं, हे गावात वाढलेल्या प्रत्येकीला ठाऊक आहे. आतेला मी हे म्हटलं. ती चहा गाळत होती. म्हणाली, "होय तर. आमी खांबामागे."

चार जणांनी चार वाटांनी

जगभरात हेच प्रश्न वेगवेगळ्या माणसांनी वेगळ्या तऱ्हेने सोडवले आहेत. सगळ्यांत गाजलं ते पीटर ब्रूकचं महाभारत. १९८५ साली फ्रान्समधल्या आविन्यों महोत्सवात, एका दगडाच्या खाणीत, सुमारे नऊ तासांचा खेळ. माती, पाणी आणि आग एवढंच नेपथ्य. अनेक देशांतले नट, त्यांत द्रौपदी मल्लिका साराभाई. काही वेळा खेळ रात्रभर चालायचा आणि खाणीवर सूर्य उगवताना संपायचा. दहीकाल्याला बसलेल्याला यात नवल वाटू नये. या प्रयोगावर टीकाही कडक झाली. रुस्तम भरुचा यांनी असं मांडलं की, ज्या मातीत, ज्या श्रद्धांत ही कथा जगते त्यांतून तिला उपटून 'सगळ्या मानवजातीची' केली की तिचा कणा जातो. मला ही टीका पटते. तरीही त्या खेळाने जगाला महाभारत बसून ऐकायला लावलं, हेही खरं.

मणिपूरच्या रतन थियाम यांनी १९८४ साली चक्रव्यूह केलं. नट मणिपुरी, हालचाली तिथल्या थांग-ता या तलवार-भाल्याच्या विद्येवर बेतलेल्या. मोठ्यांच्या राजकारणात पुढे ढकलला गेलेला अभिमन्यू त्यांनी दाखवला. बंदुकांच्या सावलीत वाढणाऱ्या पोरांच्या प्रदेशातून तो आला होता, म्हणून तो त्यांचा झाला.

छत्तीसगडच्या तीजनबाईंना प्रायोगिक म्हणायचं का, हा वादाचा मुद्दा होईल. पंडवानी, म्हणजे महाभारताच्या कथा गाऊन सांगणं, परंपरेने चालत आलेली. पण उभं राहून, वावरत गायची कापालिक तऱ्हा बायकांनी करायची नाही असा दंडक असताना त्यांनी ती केली. त्यांच्या हातातला तंबोरा क्षणात भीमाची गदा होतो, क्षणात धनुष्य. एक बाई, एक वाद्य, आणि अठरा अक्षौहिणी सैन्य. २०१९ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं.

आणि एक आपल्याशी जोडलेली गोष्ट. बंगालीत शाँवली मित्र यांनी १९८३ साली 'नाथवती अनाथवत्' हा द्रौपदीवरचा एकपात्री खेळ केला. त्यामागची प्रेरणा होती इरावती कर्वे यांचं 'युगान्त'. १९६७ चं मराठी पुस्तक. पाच नवरे असून अनाथ राहिलेली बाई, ही जाणीव पुण्यातल्या एका मानववंशशास्त्रज्ञ बाईंच्या लेखणीतून निघून कोलकात्याच्या रंगमंचावर पोचली.

या सगळ्यांत एक गोष्ट समान दिसते. प्रत्येकाने महाभारतातला एकच धागा धरला आणि आपल्या पायाखालच्या जमिनीत तो रोवला. लाख श्लोकांचा ग्रंथ तासा-दोन तासांत सांगायला जाणारे बहुधा फसतात.

न आवडलेलं

सगळंच प्रायोगिक चांगलं असतं असं मी म्हणत नाही. काळे कपडे, धूर, संथ चालणं, एकदम किंचाळणं, आणि शेवटी प्रेक्षकांकडे बराच वेळ रोखून बघणं, एवढ्याने महाभारत नवं होत नाही. मी स्वतःला एक साधी कसोटी लावते. नाटकातली नवी गोष्ट काढून टाकली तर जुना प्रश्न तेवढाच ऐकू येतो का? येत असेल तर ती नवी गोष्ट नुसती सजावट होती. दोर काढला असता तर तो प्रश्न माझ्यापर्यंत आला नसता. काही संयुक्त दशावतारांत, म्हणजे वेगवेगळ्या मंडळांचे नट एकत्र येऊन करतात त्या खेळांत, हल्ली ट्रिकसीन असतात, प्रकाश, धूर, उडणारं चक्र. पोरं खूश होतात आणि कलाकारांना चार पैसे मिळतात, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण ट्रिकसीनने चक्र दिसतं. बाकड्यासमोर उभा राहिलेला मुरलेला नट नुसतं बोट वर करून चक्राचा धाक दाखवतो. मला अजून या दुसऱ्याचीच जास्त भीती वाटते.

एका गोष्टीचं मात्र वाईट वाटतं, आणि ती लिहिलीच पाहिजे. आमच्या ओळखीतल्या एका वयस्क स्त्रीपार्टी कलाकाराला शहरातल्या एका नाट्यसंस्थेने आठ दिवस नेलं. त्यांनी पदन्यास शिकवला, लढाईच्या चाली दाखवल्या, रंगपटात बसून चेहरा कसा रेखायचा ते सांगितलं. नाटक झालं, नावाजलं गेलं. पत्रिकेवर 'कोकणच्या लोककलेवर आधारित' एवढंच होतं. त्यांचं नाव कुठेच नव्हतं, आणि एसटीच्या भाड्याखेरीज फारसं काही हातात पडलं नाही. ते तक्रार करत नाहीत. मी करते आहे. परंपरेतून घ्यायचं तर माणसांसकट घ्यावं. दशावतार ही हवेत तरंगणारी 'शैली' नाही. पेटाऱ्याची पूजा करून, रात्रभर जागून, सकाळी पुढच्या गावची वाट धरणाऱ्या माणसांचं ते पोट आहे. त्या पाच मुलांनी नाटक संपल्यावर ज्यांच्याकडून चाली शिकले त्या पखवाजवाल्या काकांना पुढे बोलावलं, नावानिशी, आणि खाली वाकून पाया पडले. मला ते नाटकाइतकंच आवडलं.

आता तुमच्याकडे असं काही आलं तर काय करावं, हे आतेला विचारून सांगते, कारण बघणारी ती माझ्यापेक्षा पक्की आहे. गोष्ट पाठ आहे म्हणून पुढे धावू नका, नट थांबला तर तुम्हीही थांबा. हातातली वस्तू बघत राहा, ती कधी बदलते ते. कोण बोलत नाही ते बघा. हे तिसरं तिचं आहे, माझं नाही.

आणि ते तिला कुठून सुचलं तेही कळलं. निघायच्या दिवशी सकाळी ती अंगणात आमसुलं वाळत घालत होती. मध्येच म्हणाली, "तो एकटोच बोललो नाय सभेत, द्रौपदीच्या बाजून? लहान झील."

विकर्ण. कौरवांतलाच, धृतराष्ट्राचा मुलगा. सगळे गप्प असताना तो उभा राहिला आणि म्हणाला, ही जिंकली गेलेली नाही. कर्णाने त्याला पोरकट ठरवून खाली बसवलं. नाटकात ते काम सगळ्यांत बारक्या मुलीने केलं होतं.

"होय," मी म्हटलं, "विकर्ण."

"त्येचा मगे काय झाला?"

"युद्धात भीमान मारल्यान."

तिचे हात थांबले. "भीमान?"

"शंभर जणांक मारतलंय म्हणान सांगितलेल्यान ना. मारल्यान, आणि हळहळलो."

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग सुपातली उरलेली आमसुलं एकेक करून चटईवर मांडत राहिली, दोन दोन बोटांचं अंतर ठेवून.